कच्च्या लिंबाचं काय करायचं?

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये टीम पाडून झाल्या की हमखास एक जण उरायचा. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर सुट्टीला आलेला मामेभाऊ. ‘हा कच्चा लिंबू’ असं कुणीतरी जाहीर करायचं आणि प्रश्न मिटायचा. तो दोन्हीकडून बॅटिंग करायचा, पहिल्या बॉलला दांडी उडाली तरी आऊट नसायचा, आणि त्याने उंच मारलेल्या बॉलखाली कुणी जीव तोडून धावायचं नाही. पण त्याच पोरांची शेजारच्या आळीशी मॅच लागली की कच्चा लिंबू पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. बॅट तीच, स्टंपाच्या विटा त्याच, नियम मात्र दोन. कुठला कधी लावायचा हे कुणाला सांगावं लागायचं नाही.

टीमने खेळायचे ऑनलाइन शूटर गेम गेली पंचवीसेक वर्षं याच प्रश्नाशी झटताहेत. ऑफिसातून दमून आलेला, अर्धा तास डोकं रिकामं करायला बसलेला माणूस आणि रँक पुश करण्यासाठी रोज चार तास नेम घटवणारा कॉलेजातला मुलगा एकाच गेममध्ये असतात, पुष्कळदा एकाच टीममध्ये. पहिल्याला हरण्याचं फारसं काही वाटत नाही. दुसऱ्याची संध्याकाळ पहिल्यामुळे वाया जाते. गल्लीत सगळे एकमेकांना ओळखायचे. इथे चेहरा नाही, आडनाव नाही, उद्या भेट होण्याची शक्यताही नाही. मग कच्चा लिंबू कोण हे ठरवणार कोण, आणि त्याला सवलत द्यायची कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा वाद नेहमी बंदुकांच्या आकड्यांवर घसरतो: अमक्या शस्त्राची ताकद कमी करा, तमक्याची वाढवा. पण कॅज्युअल आणि रँक्ड यांतला खरा फरक आकड्यांत फार थोडा असतो. मॅच मध्येच सोडली तर काय होतं, हरलो तर काय जातं, एका मॅचला किती वेळ लागतो आणि समोर कोण येतो, या चार गोष्टींत तो दडलेला असतो. ज्यांनी हे ओळखलं त्यांचे गेम टिकले. इतरांनी एका घराला दोन कुलपं लावली आणि किल्ल्या हरवल्या.

ज्याची बॅट त्याची बॅटिंग

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न सर्व्हरचा मालक सोडवायचा. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या गेमवर बसवलेला काउंटर-स्ट्राइक 1999 मध्ये आला, पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो बाजारात विकायला काढला, आणि काही वर्षांत त्याची 1.6 ही आवृत्ती आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्येही पसरली. तासाचे पैसे मोजून बसलेली पोरं, लॅनने जोडलेली आठ-दहा मशिन्स, आणि बाजूच्या खुर्चीवरून येणाऱ्या शिव्या. रँक वगैरे भानगड नव्हती. कोण कच्चा आणि कोण पक्का हे आवाजावरून कळायचं.

इंटरनेटवरही चित्र फार वेगळं नव्हतं. सर्व्हरची यादी उघडायची, पिंग बघायचा, ओळखीचं नाव दिसलं की शिरायचं. सर्व्हरवर रोजची माणसं असत. त्रास देणाऱ्याला ॲडमिन हाकलून देई. कधी अन्यायाने, हे खरंच. बॅट त्याची होती. अटीतटीची मॅच हवी असेल तर दोन क्लॅन वेळ ठरवून, पासवर्ड लावून सर्व्हर बंद करून घेत. म्हणजे दोन नियम तेव्हाही होतेच, फक्त ते माणसं सांभाळायची.

2004 च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘हेलो 2’ने हे काम संगणकाकडे दिलं. खेळाडूने फक्त बटण दाबायचं, समोर कोण येणार ते यंत्र ठरवणार, आणि प्रत्येकाच्या नावापुढे 1 ते 50 मधला एक आकडा. तीन वर्षांनी ‘हेलो 3’मध्ये रँक्ड आणि सोशल अशा दोन याद्या स्वच्छ वेगळ्या झाल्या. आज प्रत्येक गेमच्या पहिल्या पडद्यावर जी दोन बटणं दिसतात त्यांचं मूळ इथे आहे. सोय प्रचंड झाली. पण ओळख गेली, आणि ओळखीबरोबर कच्च्या लिंबाला सांभाळून घेणारी ती न लिहिलेली रीतही गेली. पुढची सगळी धडपड ती रीत कोडमध्ये लिहून काढण्याची आहे.

टीम फोर्ट्रेस 2 आणि बारा टक्क्यांची लॉटरी

या धडपडीचं सगळ्यात बोलकं उदाहरण टीम फोर्ट्रेस 2. मूळ टीम फोर्ट्रेस हा 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या तीन तरुणांनी ‘क्वेक’वर रचलेला मॉड. त्यांतले रॉबिन वॉकर आणि जॉन कुक पुढे व्हॉल्व्हमध्ये गेले आणि 10 ऑक्टोबर 2007 रोजी दुसरा भाग आला. नऊ पात्रं, बारा विरुद्ध बारा, आणि व्यंगचित्रासारखा रंगीत कारभार.

हा गेम मुळातच कच्च्या लिंबाचा विचार करून बांधला होता. नेम लागत नाही? इंजिनिअर व्हा. तुम्ही उभारलेली तोफ स्वतःच नेम धरून गोळ्या झाडते. धावपळ जमत नाही? मेडिक व्हा. त्याच्या उपचाराच्या झोताला अचूक नेम लागत नाही, आणि पुरेसा उपचार केला की आठ सेकंदांपुरतं स्वतःला आणि एका साथीदाराला अभेद्य करता येतं. गंमत अशी की अव्वल दर्जाच्या मॅचमध्येही सगळ्यात मोलाचा माणूस हाच मेडिक असतो. नवख्याला झेपणारी आणि उस्तादाच्या हातात वेगळीच उंची गाठणारी भूमिका म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मला दुसऱ्या शूटरमध्ये दिसलेला नाही.

याच्या जोडीला होती लॉटरी. या गेममध्ये बहुतेक शस्त्रांतून मधूनच एखादा ‘क्रिट’ सुटतो: तिप्पट मार. साधं रॉकेट 90 चा घाव घालतं, क्रिट लागलं तर 270. तीनशे जीव असलेला धष्टपुष्ट हेवी सोडला तर पूर्ण जीवाचं कुठलंही पात्र एका फटक्यात आडवं. ही शक्यता दोन टक्क्यांपासून सुरू होते आणि गेल्या काही सेकंदांत तुम्ही जितका मार दिला असेल त्यानुसार बारा टक्क्यांपर्यंत चढते. बाजू मांडणारे म्हणतात, नवख्यालाही कधीतरी उस्तादाला लोळवता येतं, कोंडी फुटते, खिदळायला मिळतं. विरोधक म्हणतात, वर्षभराचा सराव एका फाशाने पुसला जातो.

दोघंही थोडे चुकतात असं मला वाटतं. नीट बघा: जो जास्त मार देतो त्याची शक्यता जास्त. म्हणजे ही लॉटरी गरिबाच्या नावाने काढलेली असली तरी तिकिटं सावकाराच्या खिशात अधिक. ज्याने आधीच चार जण पाडले आहेत त्यालाच पाचव्यासाठी क्रिट मिळतो. कच्च्या लिंबाला दिलेली सवलत फिरून बॅट्समनकडेच जाते. आणि तरीही भर गर्दीच्या सर्व्हरवर तिचा राग येत नाही, कारण त्या मॅचमध्ये कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. हीच गोष्ट रँक लागलेल्या मॅचमध्ये असह्य झाली असती. आकडा दोन्हीकडे बारा टक्केच.

कंपनी काही करण्याआधी खेळाडूंनी स्वतःच वेगळी चूल मांडली होती. युरोप-अमेरिकेत लीग उभ्या राहिल्या आणि सहा विरुद्ध सहा हा प्रकार रुजला: बहुतांश वेळ दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमन, एक मेडिक. उरलेली पाच पात्रं बाकावर, गरज पडली तर तेवढ्यापुरती मैदानात. क्रिट बंद, एका टीममध्ये एकाहून जास्त मेडिक किंवा डेमोमन नाही, आणि काही शस्त्रांना सरळ बंदी. ज्यांना नऊही पात्रं हवी होती त्यांनी ‘हायलँडर’ काढला: नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येक पात्र एकदाच. कॅज्युअल सर्व्हरवरचा गोतावळा आणि लीगमधली ही शिस्त अनेक वर्षं एकमेकांच्या आड न येता सुखाने नांदली. एकाच गेमचे हे दोन संसार आहेत हे बाहेरच्याला सांगूनही पटलं नसतं.

मग 7 जुलै 2016 रोजी ‘मीट युअर मॅच’ नावाचा अपडेट आला. व्हॉल्व्हने स्वतःचा कॉम्पिटिटिव्ह मोड आणला, आणि झटपट सर्व्हरवर नेऊन सोडणारा जुना ‘क्विकप्ले’ काढून त्याजागी रांगेत उभं करणारा ‘कॅज्युअल’ मोड बसवला. कॅज्युअल नाव, पण थाट रँक्डचा. रांगेत थांबा, मॅच संपेपर्यंत थांबा, मध्ये सोडलीत तर शिक्षा. हवा तो नकाशा निवडण्याची सोयही आधी नव्हती, ती मागाहून आली. जेवायला हाक आली म्हणून उठणाऱ्या माणसाला दंड करणारा मोड कॅज्युअल कसा? ओरड इतकी झाली की सोडून जाण्याची शिक्षा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

दुसऱ्या टोकाला त्याहून मोठी चूक होती. कॉम्पिटिटिव्हमध्ये क्रिट बंद केले, हे योग्यच. पण लीगवाल्यांनी अनुभवातून घडवलेले बाकीचे नियम घेतलेच नाहीत. एका टीममध्ये एकाच पात्राची संख्या किती यावर मर्यादा नाही, शस्त्रांवर बंदी नाही. परिणामी लीगचे खेळाडू तिकडे फिरकून परत आपल्या चुलीपाशी आले, आणि नवखे रांगेत थांबून कंटाळले. शिस्त जिथे नको होती तिथे आली आणि जिथे हवी होती तिथे अर्धीच आली. या एका अपडेटचा अभ्यास प्रत्येक गेम डिझाइनरने करावा असं मी म्हणेन.

त्याचं उरलेलं बिल नंतर आलं. मालक असलेल्या सर्व्हरवर ॲडमिन असे. यंत्राने चालवलेल्या कॅज्युअलमध्ये कुणीच नव्हतं. 2020 पासून तिथे बॉट शिरले: अचूक नेमाचे, आपोआप डोकं टिपणारे स्नायपर, कधी एका मॅचमध्ये अर्धा डझन. 2022 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2024 च्या जूनमध्ये खेळाडूंनी मोठ्या मोहिमा चालवल्या, तेव्हा कुठे साफसफाई झाली. चावडीवरचा म्हातारा उठून गेला की काय होतं ते यातून दिसलं.

तोच हिरो, दोन तराजू

आता आकड्यांकडे येऊ, कारण त्यांचाही प्रश्न खोटा नाही. एखादं पात्र खालच्या पातळीवर राक्षस आणि वरच्या पातळीवर कुचकामी, असं होऊ शकतं. ब्लिझार्डचा ‘ओव्हरवॉच’ 24 मे 2016 रोजी आला तेव्हा बॅस्टियन नावाचा रोबो एका जागी बसून मशिनगन होऊन गोळ्यांचा पाऊस पाडायचा. नवखे त्याच्या समोरून सरळ धावत जायचे आणि मरायचे. कसलेले खेळाडू बाजूने येऊन त्याला सहज उडवायचे. त्याची ताकद कमी करा म्हणणारे आणि वाढवा म्हणणारे दोघंही खरंच सांगत होते.

टॉर्बियोर्नच्या तोफेचंही तेच. माऊसने झटकन वळता येतं, कन्सोलच्या दांडीने नाही. म्हणून आपोआप नेम धरणारी ती तोफ कन्सोलवर फार जड झाली. ब्लिझार्डने तिचा मार फक्त कन्सोलपुरता तीस टक्क्यांनी उतरवला. हा निर्णय मला आवडतो, कारण इथे दोन तराजू ठेवण्याला ठोस कारण होतं: हातातलं हत्यारच वेगळं. कॅज्युअलसाठी एक आकडा आणि रँक्डसाठी दुसरा, असं केलं की मात्र घोटाळा होतो. कॅज्युअलमध्ये हाताला बसलेली सवय रँक्डमध्ये खोटी ठरते. शाळेतल्या मुलाला घरी टेनिस बॉलने आणि परीक्षेला सीझन बॉलने खेळायला लावण्यासारखं ते आहे. म्हणूनच बहुतेक गेम तो मार्ग टाळतात.

युबिसॉफ्टच्या ‘रेनबो सिक्स सीज’ने निदान हिशोब उघडा ठेवला. प्रत्येक ऋतूत ते एक आलेख छापत आले आहेत: आडव्या अक्षावर पात्र किती वेळा निवडलं गेलं, उभ्या अक्षावर त्याच्यामुळे जिंकण्याचं प्रमाण किती हललं. वर उजव्या कोपऱ्यात गेलेल्या पात्रावर कुऱ्हाड येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. पण हे आकडे मुख्यतः वरच्या रँकमधल्या मॅचचे. खालच्यांना काय जाचतं ते त्या आलेखात दिसत नाही.

‘ओव्हरवॉच’ची खरी परीक्षा पुढे होती. 2018 मध्ये व्यावसायिक ओव्हरवॉच लीग सुरू झाली आणि थोड्याच काळात तिथे एक ठरावीक रचना बोकाळली: तीन टँक (पुढे राहून मार झेलणारे), तीन सपोर्ट (साथीदारांना सांभाळणारे), नेमबाज एकही नाही. ‘गोट्स’ नावाच्या एका टीमने ती रूढ केली म्हणून तिचं नावही तेच पडलं. बघणाऱ्यांना कंटाळा आला. आकडे बदलून बदलून ती हटेना, तेव्हा 2019 मध्ये कंपनीने भूमिकाच बांधून टाकल्या: दोन टँक, दोन नेमबाज, दोन सपोर्ट. आधी लीगमध्ये, मग रँक्डमध्ये, आणि मग कॅज्युअलच्या क्विक प्लेमध्येही.

इथे मी थबकतो. गोट्स हा मूठभर व्यावसायिकांचा रोग होता. खालच्या रँकमधल्या माणसाने ती रचना क्वचितच बघितली असेल, कारण ती चालवायला सहा जणांचा एकजीव ताळमेळ लागतो. औषध मात्र सगळ्यांना पाजलं. फायदा झाला नाही असं नाही. पाच नेमबाज आणि एक रडकुंडीला आलेला सपोर्ट असल्या मॅच थांबल्या. पण नेमबाज व्हायला सगळ्यांनाच आवडतं, टँक व्हायला थोड्यांना. नेमबाजांच्या रांगा लांबल्या. मग ज्या भूमिकेला माणूस मिळत नाही ती घेणाऱ्याला रांगेत पुढे सरकवणारे पास वाटावे लागले. जुना मोकळा प्रकार आर्केडच्या कोपऱ्यात गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘ओव्हरवॉच 2’ आला आणि टीम सहावरून पाचवर आली, टँक एकच उरला. रांगा आटोक्यात आल्या, पण त्या एकट्या टँकवर हरण्याचं सगळं खापर फुटू लागलं. दोघं असताना एक दुसऱ्याच्या चुका झाकायचा. 2024 च्या शेवटी सहा विरुद्ध सहा पुन्हा चाचणीसाठी आणावं लागलं. ओव्हरवॉच लीग तोवर बंद पडली होती.

बंदूक तीच, भोवताल वेगळा

काउंटर-स्ट्राइकने दुसरा रस्ता धरला आणि माझ्या मते तोच बरोबर आहे. एके-47 चा मार कॅज्युअलमध्ये जितका तितकाच रँक्डमध्ये. हेल्मेट असो वा नसो, डोक्यात एक गोळी म्हणजे खेळ संपला. बदलतो तो भोवताल. कॅज्युअलमध्ये दहा विरुद्ध दहा, चिलखत फुकट, बॉम्ब निकामी करायचं किट फुकट, आणि आपल्याच माणसाला चुकून गोळी लागली तर इजा नाही. रँक्डमध्ये पाच विरुद्ध पाच, प्रत्येक वस्तू विकत, आणि साथीदाराच्या पाठीत गोळी घातलीत तर त्याला खरंच इजा होते. नवखा कॅज्युअलमध्ये दहा जणांच्या गर्दीत लपून शिकतो, आणि शिकलेलं सगळं पुढे उपयोगी पडतं. गल्लीत अगदी हेच होतं: बॉल सगळ्यांना तोच, फक्त लहानग्याला आऊट देत नाहीत.

यातही धोका आहे. एकच नियमावली असली की चूक झाली तर सगळीकडे होते. डिसेंबर 2015 मध्ये आणलेलं आर8 रिव्हॉल्व्हर इतकं जहाल निघालं की छातीत एक गोळी लागली तरी माणूस संपत होता. रँक्ड मॅचचा त्या दिवसांत विचका झाला आणि ते घाईने खाली ओढावं लागलं.

रायटच्या ‘व्हॅलरंट’ने, जून 2020 मध्ये आलेल्या, याच कल्पनेत वेळेची भर घातली. त्याचा अनरेटेड मोड जवळजवळ रँक्डच आहे; तेरा फेऱ्या जिंकायच्या, पाऊण तास कुठेच गेला नाही. पण शेजारी ‘स्पाइक रश’ आहे, चार फेऱ्या जिंकल्या की संपलं, बंदूक सगळ्यांना सारखी. नंतर ‘स्विफ्टप्ले’ आला, पाच फेऱ्यांचा. कॅज्युअल खेळाडूला नेमकं काय हवं असतं याचं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं मला. त्याला सोपा शत्रू नको असतो, त्याला कुकरच्या तीन शिट्ट्यांत संपणारी मॅच हवी असते.

निन्टेन्डोच्या ‘स्प्लॅटून’ला इथे एका परिच्छेदाहून जास्त जागा द्यायला हवी होती. तीन मिनिटांची मॅच, चार विरुद्ध चार, आणि जिंकणं ठरतं जमिनीवर आपला रंग किती पसरला यावरून. एकही शत्रू न मारता टीमच्या कामी येता येतं. रँक्डमध्ये उद्दिष्ट बदलतं, शस्त्रं तीच राहतात.

पन्नास टक्क्यांचा जाच

समोर कोण येणार, हा चौथा मुद्दा, आणि आज सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात. या हिशोबाचा पाया बुद्धिबळातला. आर्पाड एलो यांची गुणांकन पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने 1960 मध्ये आणि फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. दोघांत 200 गुणांचं अंतर असेल तर वरचढाला अपेक्षित यश साधारण 76 टक्के, 400 असेल तर 91. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यावरून ‘ट्रूस्किल’ घडवलं, ज्यात टीमच्या निकालावरून एकेकट्याचं कौशल्य काढता येतं आणि त्या अंदाजावर यंत्राचा किती भरवसा आहे हेही नोंदलं जातं.

यंत्राचा आदर्श काय, तर प्रत्येक मॅच अर्धी-अर्धी. कागदावर न्याय्य. पण विचार करा: तुम्ही सुधारलात की समोरचेही सुधारलेले येणार. म्हणजे वर्षभर खेळूनही तुम्ही निम्म्या मॅच हरणार. रँक्डमध्ये निदान वाढलेला आकडा दिसतो. कॅज्युअलमध्ये तोच गुणांक पडद्याआड चालतो आणि दिसत काहीच नाही. ‘घाम गाळायचा, पण पगार नाही’ अशी ती नोकरी होते. चांगल्या खेळाडूंची ही तक्रार खोटी नाही.

पण ती सगळ्यांची नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवणाऱ्या ॲक्टिव्हिजनने 2024 मध्ये एक अहवाल काढला. त्यात सांगितलेला प्रयोग असा: मॉडर्न वॉरफेअर 3 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या निम्म्या खेळाडूंसाठी, न सांगता, टीम पाडताना कौशल्याला दिलेलं महत्त्व कमी केलं. वरचे दहा टक्के खूश झाले आणि अधिक परतू लागले. उरलेल्या नव्वद टक्क्यांचं परत येणं घटलं. आता हा अहवाल कंपनीने स्वतःच्या पद्धतीच्या समर्थनार्थ लिहिला, हे ध्यानात ठेवायलाच हवं. पण निष्कर्षात आश्चर्य काही नाही. मोठ्या पोरांना लहान पोरांत खेळायला नेहमीच आवडतं. लहान पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत, इतकंच. तरी 2025 च्या ब्लॅक ऑप्स 7 मध्ये याच कंपनीने मुख्य मोडमध्ये कौशल्याचा विचार कमीत कमी ठेवला. ज्यांचा आवाज मोठा त्यांचं ऐकलं गेलं. वरच्या दहा टक्क्यांकडे यूट्यूब चॅनेल असतात.

स्मर्फ, म्हणजे नवं खातं काढून खालच्या रँकमध्ये शिरणारे उस्ताद, यांच्याबद्दल फार लिहीत नाही. गेम फुकट झाले की ते वाढतात. फोन नंबरची अट आणि रँक्डआधी ठरावीक लेव्हल, एवढेच उपाय आतापर्यंत थोडेफार लागू पडलेत.

आपल्याकडे

भारतात या प्रश्नाचं रूप निराळं आहे, कारण इथला शूटर मुख्यतः मोबाइलवर आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, पुढच्या जुलैत ती ॲप स्टोअरमधून गायब झाली आणि मे 2023 मध्ये परतली. चार जणांच्या स्क्वॉडचा हा गेम कच्च्या लिंबाचा प्रश्न फार धूर्तपणे सोडवतो: खालच्या रँकमध्ये लॉबी बॉट्सनी भरतो. नवख्याला पहिल्याच आठवड्यात आठ-दहा ‘किल’ मिळतात आणि आपण पोचलेले आहोत असं वाटतं. इथे कच्चा लिंबू कुणी माणूस नाहीच, ते काम यंत्राला दिलंय. मला ही थोडी फसवणूक वाटते. पण सरळ उस्तादांच्या तोंडी देण्यापेक्षा ती बरी, हेही कबूल करतो.

आता बनवणारेही आपल्याकडचे आहेत. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर 2024 मध्ये आला. पुण्याच्याच डॉट9 गेम्सचा ‘फौजी: डॉमिनेशन’, पाच विरुद्ध पाचचा टीम शूटर, जानेवारी 2025 मध्ये. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा प्रकार म्हणून मान्यता दिली, त्यामुळे स्पर्धेकडे झुकण्याचा मोह या स्टुडिओंना होणारच. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की स्पर्धेचे प्रेक्षक कॅज्युअलच्या गर्दीतूनच येतात. 2017 चा ‘लॉब्रेकर्स’ कसलेल्यांसाठी म्हणून मिरवत आला आणि सप्टेंबर 2018 मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. लोकल ट्रेनमध्ये दादर ते ठाणे एवढ्या वेळात संपणारी मॅच, सोडली तर दंड नाही, आणि बंदुकीचे आकडे रँक्डमध्येही तेच: इथल्या फोनवर आणि इथल्या नेटवर हे आधी जमवा. लीग त्यानंतर.

टीम फोर्ट्रेस 2 मात्र अजून चालू आहे. 18 फेब्रुवारी 2025 रोजी व्हॉल्व्हने त्याचा कोड मॉड करणाऱ्यांसाठी खुला केला. लीगवाले आपल्या चुलीवर सहा विरुद्ध सहा खेळतात, कॅज्युअलमध्ये क्रिट अजून सुटतात. आणि तिथे एक प्रथा आहे जी कुठल्याही अपडेटने आणलेली नाही. ‘टूफोर्ट’ या जुन्या नकाशावर मध्येच एखादा हेवी बंदूक खाली ठेवून, उकिडवा बसून सँडविच खाताना दिसतो. तो शत्रू असतो, पण आज त्याला लढायचं नसतं. त्याला ‘हूवी’ म्हणतात. पुष्कळ जण वाट वाकडी करून त्याच्या बाजूने निघून जातात, काही तर समोर बसून त्याला आपलं सँडविच देतात. तिकडे कधी गेलात आणि पुलापाशी असा कुणी दिसला, तर गोळी घालू नका.